चितगावची एलसी आणि आमची भोसरी

आमचा भोसरी एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. डेअरीला लागणारे स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह, युनियन, बेंड असा माल आम्ही बनवतो. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, सुरू केलेला धंदा. आता शेड नवरा बघतो आणि कोटेशनपासून पैसे जमा होईपर्यंतचं सगळं माझ्याकडे असतं. परदेशी माल जायचा तो मुख्यतः दुबईच्या एका व्यापाऱ्याला, तोही आगाऊ पैशांवर. बँकेचा जमा झाल्याचा मेसेज आला की मगच आप्पा पॅकिंगला हात लावू द्यायचे. त्यामुळे एक्स्पोर्टमध्ये फारसं काही अवघड नाही, असा आमच्या घरात समज होता.

२०२३ मध्ये चितगावच्या एका दूध प्रक्रिया कारखान्याकडून चौकशी आली. ऑर्डर ४१,६०० डॉलरची, म्हणजे आमच्यासाठी मोठीच. भाव ठरला, ड्रॉइंग मंजूर झाली आणि पैशांचा विषय निघाला तेव्हा त्यांच्या खरेदी विभागातले साहेब म्हणाले, आगाऊ जमणार नाही, एलसी उघडू. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: ठरलेले कागद दिले की पैसे देऊ, अशी खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी. बांगलादेशात आयातीचे बहुतेक व्यवहार एलसीवरच चालतात, तेव्हा यात त्यांचा हट्ट असा काही नव्हता. आप्पांना सांगितलं तर ते खूश. "बँक पैसे देणार म्हणते ना? मग आपला माल चोख असला की झालं!"

याच वाक्याला पहिला धक्का बसला तो बँकेत. आमच्या भोसरीच्या शाखेत कॅश क्रेडिट नि चेकची कामं होतात. एलसीचे कागद मात्र शहरातल्या ट्रेड फायनान्स विभागाकडे जातात. तिथे निवृत्तीला आलेल्या एक मॅडम होत्या. मी मालाचे फोटो, टेस्ट सर्टिफिकेटं असं सगळं घेऊन गेले होते. त्यांनी ती फाइल न उघडताच बाजूला ठेवली. "तुमचा माल कसा आहे हे आम्ही कधीच बघणार नाही. तिकडची बँकही बघणार नाही. आम्ही फक्त कागद बघतो."

जगभरातल्या एलसी ज्या नियमांवर चालतात ते यूसीपी ६०० पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने केलेले आहेत आणि १ जुलै २००७ पासून लागू आहेत. कलमं ३९. पाचव्या कलमात मॅडम म्हणाल्या तेच लिहिलंय: बँकेचा व्यवहार कागदपत्रांशी, मालाशी नाही. त्यांनी मला एक जुना खटलाही सांगितला. बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, व्हॅनिलाच्या शेंगा मागवल्या होत्या आणि दर्जाचा दाखला तज्ज्ञांनी द्यावा अशी अट होती. तज्ज्ञ, अनेकवचनी. तारेच्या सांकेतिक भाषेत ते अनेकवचन हरवलं आणि बँकेने एकाच तज्ज्ञाच्या दाखल्यावर पैसे दिले. खोकी उघडली तर आत बराचसा कचरा. १९२७ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की खरेदीदाराने बँकेला पैसे देण्याची गरज नाही, कारण कागद "जवळपास तसाच" असून भागत नाही, तो तसाच लागतो. मॅडम म्हणाल्या, "या गोष्टीत विकणारा चोर होता. तुम्ही चोर नाही. पण नियम दोघांना एकच."

मग पुढचा प्रश्न: पैसे देण्याची हमी नेमकी कोणाची? आमची बँक यात फक्त ॲडव्हायझिंग बँक. म्हणजे स्विफ्टवरून, बँकांच्या आपसातल्या संदेशजाळ्यावरून, आलेला संदेश खरा आहे, एवढंच ती सांगणार. हमी तिकडच्या, एलसी उघडणाऱ्या बँकेची. आणि त्या वर्षी बांगलादेशात डॉलरची चणचण होती, तिथल्या बँकांकडून पैसे यायला उशीर होतोय अशा तक्रारी आमच्यासारखे बरेच जण करत होते. त्यावर इलाज म्हणजे कन्फर्मेशन: इकडची बँक स्वतःची हमी वर जोडते, तिकडच्या बँकेने पैसे बुडवले तरी ही देते. त्याचा दर ऐकून आप्पा म्हणाले, मग आपण कमवायचं काय? खरेदीदारही तो खर्च उचलायला तयार नव्हता. शेवटी मधला मार्ग निघाला. आमच्या बँकेला तिथल्या ज्या बँकांचा अनुभव बरा होता त्यांची नावं मॅडमनी सांगितली आणि त्यांतल्याच एकीकडून एलसी उघडा, अशी अट आम्ही घातली. ती त्यांनी मान्य केली. कन्फर्मेशन घेतलं नाही.

मॅडमचा खरा सल्ला वेगळाच होता. "एलसी उघडायच्या आधी तिचा मसुदा मागवा. एकदा एमटी ७०० सुटला की प्रत्येक दुरुस्तीला फी आणि वेळ." एमटी ७०० म्हणजे एलसी उघडल्याचा स्विफ्ट संदेश. त्यात प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो आणि या धंद्यातले लोक त्या क्रमांकांनीच बोलतात. "तुमचं ४७ए बघितलं का?" असं, म्हणजे जादा अटींच्या रकान्याबद्दल, कोणी विचारलं तर समजायचं की माणूस मुरलेला आहे.

मसुदा आला. संध्याकाळी शेड बंद झाल्यावर मी आणि नवरा ऑफिसात तो घेऊन बसलो. पहिली अडचण ४४ई मध्ये, म्हणजे माल कुठल्या बंदरातून चढणार त्या रकान्यात. तिथे लिहिलं होतं मुंबई बंदर. तिकडच्या माणसाच्या लेखी पुण्याचा माल मुंबईहूनच येणार, त्यात त्याचं चुकलं काय? पण आमचा कंटेनर जाणार न्हावा शेवाहून, आणि बिल ऑफ लेडिंगवर (बीएल, म्हणजे जहाज कंपनी देते ती मालाची पावती आणि मालकीचा कागद) शिपिंग लाइन तेच छापणार. एकाच खाडीच्या अलीकडचं-पलीकडचं बंदर, पण कागदावर ती वेगळी. या एका शब्दापायी सगळी कागदपत्रं परत येऊ शकतात. उतरण्याच्या बंदराचंही तसंच. आपण चितगाव म्हणतो, २०१८ मध्ये तिथल्या सरकारने इंग्रजी स्पेलिंग बदलून चट्टोग्राम केलं, आणि आमच्या लाइनच्या सिस्टिममध्ये अजून जुनंच होतं.

३१डी मध्ये एलसीची मुदत आणि ती कुठे संपते ते असतं. तारीख सगळे बघतात, जागा कोणी बघत नाही. तिथे बांगलादेश लिहिलेलं असेल तर त्या तारखेच्या आत कागद तिथल्या बँकेत पोचायला हवेत, कुरियर अडकला तर भोग आपले. आम्ही ते बदलून भारत करून घेतलं, म्हणजे आमच्या बँकेत कागद दिले की आमचं काम वेळेत झालं. माल चढल्यापासून कागद सादर करायला त्यांनी दहा दिवस दिले होते. एलसीत काहीच लिहिलं नसेल तर यूसीपीप्रमाणे २१ दिवस मिळतात, तेवढेच मागितले. ट्रान्सशिपमेंटला परवानगी मागितली, कारण आमचा डबा कोलंबोला जहाज बदलून पुढे जाणार होता.

खरी ओढाताण ४६ए वरून झाली. कोणकोणते कागद द्यायचे त्यांची ही यादी. त्यात एक ओळ अशी: खरेदीदाराच्या प्रतिनिधीने माल तपासून सही केलेला दाखला. वरवर पाहता साधीच अट. पण प्रतिनिधी आलाच नाही, किंवा येऊन सही केली नाही, तर? माल आमच्या गाळ्यात तयार, एलसी हातात, आणि पैशांची किल्ली मात्र त्यांच्या खिशात! मग एलसीचा उपयोगच काय? मी फोन केला. आमचं बोलणं हिंदीत चालायचं. साहेब चिडले नाहीत, पण दुखावल्यासारखे वाटले. "दीदी, हम पर भरोसा नहीं?" मी म्हटलं, भरवसा आहेच, पण सही करणारा माणूस तुमच्या पगारावर आणि माझे पैसे त्याच्या सहीवर, हे माझ्या सासऱ्यांना कसं समजावू? हसले. शेवटी त्रयस्थ तपासणी संस्थेचा दाखला चालेल असं ठरलं, खर्च निम्मा-निम्मा. माझ्या मते संपूर्ण एलसीत आम्ही मिळवलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. बाकी बंदरं नि तारखा कोणीही दुरुस्त करून देतो.

आणि मग गॅस्केट. आप्पांची जुनी पद्धत अशी की नवीन गिऱ्हाईकाला पहिल्या मालाबरोबर थोडी गॅस्केट, म्हणजे जोडातली गळती थांबवणाऱ्या चकत्या, फुकट पाठवायची. "गिऱ्हाईक लक्षात ठेवतं गं." मीही विचार न करता मॅडमना सांगितलं, इनव्हॉइसवर शेवटी एक ओळ टाकू, फुकट गॅस्केट, मूल्य शून्य. मॅडम ताठ बसल्या. एलसीत न मागितलेला माल इनव्हॉइसवर दिसला तर ती डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागद एलसीशी न जुळणं, फुकट म्हणून लिहिला असला तरी. बँकांच्या तपासणीच्या प्रथांचं जे पुस्तक आहे, आयएसबीपी, त्यात ते स्पष्ट दिलंय. बरं, इनव्हॉइसवर न लिहिता खोक्यात टाकावीत तर तो कस्टम्सचा गुन्हा. घरी येऊन सांगितलं तर आप्पांना पटेना.

"म्हणजे गिऱ्हाइकाला जास्त दिलं म्हणून पैसे अडणार?"

"हो आप्पा."

"आणि कमी दिलं तर?"

"तरी अडणार. आपला माल नगावर आहे. किलोवर असता तर पाच टक्के इकडेतिकडे चाललं असतं."

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. "हे कोणी बनवलं?" मग स्वतःच म्हणाले, "धंदा न करणाऱ्यांनी." गॅस्केट शेवटी मसुद्यातच घालून घेतली, व्हॉल्व्हच्या वर्णनाला जोडून, सुट्या भागांसह. ४५ए मधलं मालाचं वर्णन पुढे इनव्हॉइसवर जुळलंच पाहिजे, म्हणून मी ते टाइप करत नाही, जसंच्या तसं कॉपी करते. अंतिम एलसी आली तेव्हा त्यात स्टेनलेसचा एक एस गळला होता. आयएसबीपीप्रमाणे अर्थ न बदलणारी टायपिंगची चूक चालते, मॉडेल नंबरची चूक चालत नाही. तरी मी तो एस गाळूनच इनव्हॉइस केलं. व्याकरणाचे मार्क इथे मिळत नाहीत.

माल बनवण्यात विशेष काही सांगण्यासारखं नाही. एलसी हातात होती म्हणून बँकेने पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल बनवायला आधीच कर्ज, दिलं, स्टीलचे पैसे त्यातून गेले, माल वेळेत तयार झाला. तपासणी संस्थेचा तरुण इंजिनीअर आला, त्याने दिवसभर नमुने मोजले, दाखला दिला.

कागदांच्या वेळी मात्र डोळ्यांत तेल घालावं लागलं. एलसीत इनव्हॉइसच्या आठ सही केलेल्या प्रती मागितल्या होत्या. प्रत्येक कागदावर एलसी नंबर, तारीख, खरेदीदाराचे तिथले आयात नोंदणी आणि कराचे नंबर. विमा त्यांचा त्यांनी तिकडे काढलेला, आमचा भाव सीएफआर, म्हणजे जहाजाचं भाडं धरून, विमा सोडून. पण माल चढल्यावर त्यांच्या विमा कंपनीला कव्हर नोटचा (विम्याच्या तात्पुरत्या कागदाचा) नंबर टाकून ईमेल करायचा आणि त्या ईमेलची प्रतही कागदांत जोडायची. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशातला त्याचा दाखला, मराठा चेंबरकडून घेतलं. बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट आमच्या सीएचएच्या (कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटच्या) ऑफिसातून आला तो मी लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचावं तसा वाचला, प्रत्येक नाव बोट ठेवून. बीएल एलसी उघडणाऱ्या बँकेच्या ऑर्डरने काढायची अट होती, आणि ती आमच्याही फायद्याची. कारण बँकेने मागे सही करून दिल्याशिवाय खरेदीदाराला बंदरातून माल सोडवता येत नाही. सीएचएचा माणूस फोनवर कंटाळला होता. "ताई, एवढं कोणी बघत नाही हो." लाइनने जुनं चितगाव छापलं होतं, ते एलसीप्रमाणे करून घेतलं. ओरिजिनल सुटल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा पैसे नि पुन्हा चकरा.

आमच्या बँकेने कागद तपासून एकही चूक नाही असं म्हटलं आणि कुरियरने पाठवले. तिकडच्या बँकेला तपासायला पाच बँकिंग दिवस मिळतात. हे पाच दिवस आपल्या कॅलेंडरने मोजून चालत नाही. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि आपल्याकडे रविवार, शिवाय दुसरा-चौथा शनिवार. गुरुवारी तिकडे कागद पोचले की पहिला मोजायचा दिवस रविवार, जेव्हा इकडे फोन उचलायला कोणी नसतं.

मुदत संपता संपता एमटी ७३४ आला, म्हणजे कागद नाकारल्याचा संदेश. कारण एकच: इनव्हॉइसवरच्या खरेदीदाराच्या पत्त्यात एलसीत दिलेला फॅक्स नंबर नाही. पुढे त्या बँकेने लिहिलं होतं, "कागद आमच्याकडे राखून ठेवले आहेत, खरेदीदाराची संमती मागवतो आहोत." माझं डोकंच फिरलं. मॅडमना फोन केला तर त्या शांत. "चौदा जे," एवढंच म्हणाल्या. यूसीपीच्या चौदाव्या कलमाचं 'जे' (इंग्रजी j) हे उपकलम सांगतं की इनव्हॉइसवरचा पत्ता एलसीतल्यासारखा हुबेहूब नसला तरी चालतो, देश तोच हवा, आणि फोन, फॅक्स, ईमेल तर विचारातच घ्यायचे नाहीत. अपवाद एकच, बीएलवर खरेदीदाराचा पत्ता कन्साइनी (माल ज्याच्या नावाने) किंवा नोटिफाय पार्टी (माल पोचल्याचं ज्याला कळवायचं) म्हणून असेल तर तो एलसीप्रमाणेच हवा. आमच्या बीएलवर तो नोटिफाय पार्टी म्हणून होता आणि फॅक्स नंबरासकट होता. मॅडमनी कलम लिहून उत्तर धाडलं.

पलीकडून काही उत्तर नाही. आठवडा गेला. आता तेव्हाची माझी समजूत सांगते, चूक-बरोबर तुम्ही ठरवा: डॉलर हाताशी नसले की बँकेला फॅक्स नंबर दिसायला लागतात. मी आता नियमांवरचं बोलणं सोडून खरेदीच्या साहेबांना फोन केला. त्यांचा माल बंदरात आला होता, डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवल्याचं भाडं, सुरू होण्याच्या बेतात होतं आणि त्यांना तो खरंच हवा होता. ते स्वतः त्यांच्या बँकेत जाऊन बसले, संमतीवर सही केली, आणि मग पैसे सुटले. नियमाने आम्ही बरोबर होतो, पण पैसे सुटले ते गिऱ्हाइकाला मालाची गरज होती म्हणून. ही गोष्ट यूसीपीत कुठे लिहिलेली नाही.

पैसे आले ते आशियाई क्लिअरिंग युनियनच्या वाटेने. १९७४ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था, मुख्यालय तेहरानला. सदस्य देशांच्या मध्यवर्ती बँका दर दोन महिन्यांनी आपसात हिशेब मिटवतात. आपल्याला त्याची झळ लागत नाही, खात्यावर रुपये दिसतात. रक्कम थोडी कमी होती: परदेशी बँकेचे चार्जेस, आणि ७५ डॉलर डिस्क्रिपन्सी फी. जी डिस्क्रिपन्सी नव्हतीच तिची फी! मॅडमनी परत मागणारे संदेश पाठवले, त्यांचं उत्तर आलेलं नाही. आप्पा म्हणतात सोड, मी अजून सोडलेलं नाही.

पैसे आल्यावरही एक टप्पा असतो, नवे लोक तो विसरतात. माल निघाल्यापासून नऊ महिन्यांत पैसे देशात यायला हवेत असा तेव्हा नियम होता, आणि प्रत्येक शिपिंग बिलाची (कस्टम्सकडे भरतो त्या निर्यातीच्या कागदाची) नोंद रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या संगणक यंत्रणेत उघडी राहते. आलेली रक्कम त्या बिलाला जोडून, कमी आलेले चार्जेस दाखवून ती नोंद बँकेकडून बंद करून घ्यायची, मग ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला. ड्रॉबॅक (निर्यातीवर सरकार परत देतं ती ड्यूटी) आधी मिळालेला असला तरी पैसे आल्याचा पुरावा नसेल तर तो परत मागितला जातो. हे मी दर महिन्याला बघते, कारण उघडी राहिलेली जुनी नोंद पुढच्या मालाच्या वेळी नेमकी आडवी येते.

यानंतर आम्ही सगळ्यांना एलसी मागायला लागलो असं मुळीच नाही. दहा हजार डॉलरच्या आतल्या ऑर्डरला मी तिचं नावही काढत नाही, दोन्हीकडचे चार्जेस आणि माझा वेळ मिळून नफा जातो. दुबईवाल्याचं आता तीस टक्के आगाऊ आणि उरलेले बीएलची कॉपी पाहून, असं चालतं. नैरोबीच्या एका गिऱ्हाइकाला डीपीवर माल देतो: कागद बँकेमार्फत जातात, पैसे भरल्यावरच त्याच्या हातात पडतात. पण डीपीमध्ये बँक फक्त पोस्टमनचं काम करते, हमी कोणाचीच नसते. तो कागद सोडवायला आलाच नाही तर आपला माल मोंबासाच्या बंदरात पडून भाडं खातो, म्हणून त्यावर ईसीजीसीचं, निर्यातीचे पैसे बुडण्याचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीचं, कव्हर घेतलंय. विमानाने माल जाणार असेल तर डीपीला काही अर्थ राहत नाही. एअरवे बिल हा मालकीचा कागद नाही, त्यावर ज्याचं नाव त्याला विमानतळावर माल मिळतो, ओरिजिनल बँकेत असलं तरी. तिथे बँकेच्या नावाने माल पाठवायचा असेल तर तिची आधी संमती लागते, आणि बऱ्याच बँका ती देत नाहीत.

चितगावची दुसरी ऑर्डर सध्या चालू आहे. यावेळी त्यांना साइट, म्हणजे कागद पटले की लगेच पैसे, नको, बीएलच्या तारखेपासून ९० दिवसांची एलसी हवी आहे. म्हणजे कागद स्वीकारल्यावर तीन महिने थांबायचं, नाहीतर बिल डिस्काउंट करून, म्हणजे बँकेकडून पैसे आधीच उचलून, व्याज आपण भरायचं. मी भावात दीड टक्का वाढवून कळवलं आहे. साहेब एक टक्क्यावर अडून बसलेत. मसुदा त्यानंतर.